मी बाथरूममध्ये पडले

रकाना ४ : रंग

"शेतात काम करता का?"

डॉक्टर निळ्या पेननं माझ्या उजव्या गालावर, नाकाला लागून, गोल काढत होते.

"नाही."

"मग उन्हात कशासाठी फिरता?"

"लग्नं जुळवते."

पेन थांबलं. माझ्या मागं पिशवी धरून उभे असलेले आमचे हे खाकरले. "डॉक्टर, बावीस वर्षं भर उन्हात घरोघर फिरतीय ती. छत्री घे म्हटलं तर घेत नाही."

"उन्हानंच होतो हा. त्यात गोऱ्या कातडीला ऊन जास्त भोवतं."

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी वडिलांनी 'निमगोरी' असं लिहून दिलं होतं. आज एका शिकलेल्या माणसानं स्पष्ट 'गोरी' म्हटलं. कॅन्सर झाला होता, पण गोरेपणामुळं झाला होता.

मी पद्मल मगदूम. सांगलीत आमच्या जैन समाजाचं वधूवर मंडळ बावीस वर्षं मी चालवलं. दर रविवारी आमच्या ओट्यावर लोक यायचे, परिचयपत्रक भरून द्यायचे, मी ते तपासायची. काळी असली की सावळी, सावळी असली की गव्हाळ, गव्हाळ असली की गोरी. एक पायरी वर चढवायची हे मंडळाचं धोरण होतं. इतकी वर्षं रकान्यांत काढल्यामुळं मला सरळ गोष्ट सांगता येत नाही. रकाना समोर असला की येते. रकाने उलटसुलट झाले तर सांभाळून घ्या.

रकाना ११ : घराण्यात कोणता आजार (असल्यास)

हा रकाना मी स्वतः घातला. बावीस वर्षांत तो एकानंही खरा भरला नाही. सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. दम्याचा पंप खिशात ठेवून लिहिलं. माझ्या लोखंडी कपाटात जगातला सगळ्यांत निरोगी समाज फाइल करून ठेवलेला होता, आणि मला ते चालत होतं.

गालावर साबुदाण्याएवढा दाणा आला होता. चकचकीत. टॉवेल लागला की रक्त यायचं, खपली धरायची, पडायची, पुन्हा यायची. दीड वर्ष मी त्याला चंदन उगाळून लावलं. शेवटी ह्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला, म्हणजे नेहमीपेक्षा जरा बरा ऐकू आला, आणि आम्ही डॉक्टरकडं गेलो. मिरज दहा किलोमीटरवर, गल्लोगल्ली दवाखाने. पण मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात अर्धी सांगली बाकावर बसलेली असते. म्हणून मी बेळगाव गाठलं. तिथं गालाचा कण काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला.

"बेसल सेल. कॅन्सरच्या जातीतला सगळ्यांत गरीब. शरीरात सहसा पसरत नाही. पण बसल्या जागी पोखरत जातो, आणि तुमचा डोळा जवळ आहे. काढून टाकू. मुलाबाळांना होईल अशी भीती नको."

परत येताना बसमध्ये निपाणीपर्यंत मी गप्प होते. ह्यांना वाटलं मी घाबरलेय. मी तारखा मोजत होते. दोन तारखेला ऑपरेशन. चौदा तारखेला इचलकरंजीचे शेडबाळे आमच्या त्रिशलाचं पक्कं करायला येणार. मुलगा अभिनंदन, इंजिनिअर, स्वतःचं घर. त्रिशला सत्तावीस वर्षांची, पुण्याला नोकरीला. आजवर एकवीस मुलं नाकारलेली. अभिनंदनला दोनदा भेटून ती म्हणाली होती, "बरा आहे." तिच्या तोंडून 'बरा' ऐकायला मी चार वर्षं थांबले होते. आईला कॅन्सर हे शेडबाळ्यांना कळलं असतं तर ते इचलकरंजीहून निघालेच नसते. मी असते त्यांच्या जागी तर मीही निघाले नसते.

"कुणाला सांगायचं नाही," मी निपाणीला तोंड उघडलं. "त्रिशलालासुद्धा नाही. मी बाथरूममध्ये पडले."

"तू पडलीस?"

"पडणार आहे. दोन तारखेला."

आमचे हे म्हणजे भूपाल मगदूम, निवृत्त चित्रकला शिक्षक. घरात पाल शिरली तर तिला 'चला, बाहेर चला' म्हणून सुपलीतून अंगणात सोडणारा माणूस. सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि पहाटे फिरायला जाताना मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालतात. खोटं न बोलण्याचं व्रत त्यांनी चाळिशीत घेतलं होतं. त्यामुळं मंडळाच्या कामात मला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

"पद्मल, मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नका. कुणी विचारलं तर गप्प बसा."

"गप्प बसेन," ते म्हणाले.

हे एवढं आमचं ठरलं.

रकाना २ : फोटो (अलीकडचा)

भूल फक्त गालाला. बाकी मी जागी. तोंडावर हिरवं कापड, त्याला एक भोक, भोकात माझा गाल. कात्रीचा आवाज कापडाच्या दुकानातल्यासारखा येत होता. मग काहीतरी जळल्याचा वास आला.

"काय जळतंय?"

"तुम्हीच," नर्स म्हणाली. "रक्त थांबवतोय. हलू नका हं अक्का."

खड्डा बुजवायला डॉक्टरांनी गालाचीच कातडी सरकवून घेतली. बाजूची कातडी ओढून मधलं झाकायचं. मला ते काम ओळखीचं वाटलं. एका मुलीच्या गालावर भाजल्याचा डाग होता, तेव्हा मी फोटोग्राफरला दुसऱ्या बाजूनं तीन फोटो काढायला लावले होते. तिचं जमलं. हळदीच्या दिवशी मोडलं.

"उद्या डोळा काळानिळा होईल," डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका. रक्त उतरतं तिथं."

दुसऱ्या दिवशी आरशात मी नव्हतेच. गालावर पट्टी, वर डोळ्याच्या जागी पिकलेलं जांभूळ.

रकाना ८ : वडिलांचा स्वभाव

रिक्षातून उतरलो तर फाटकाशी शेजारच्या कोगनोळे वहिनी.

"अगं बाई! काय झालं ओ?"

"बाथरूममध्ये पडले."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं बघितलं. हे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मान खाली घालून उभे.

"सर, तुम्ही कुठं होता तेव्हा?"

हे गप्प.

"असं होय," वहिनी म्हणाल्या.

त्या 'असं होय' मध्ये जे होतं ते मला तासाभरानं, चहा पिताना कळलं. कप हातात तसाच राहिला.

माझ्या ओट्यावर लग्नानंतरही मुली यायच्या. पेढे द्यायला, बारशाचं बोलवायला. कुणाचा ओठ फुटलेला, कुणाच्या मनगटावर वळ. काय झालं गं, मी विचारायची. "बाथरूममध्ये पडले काकू." सगळ्या बाथरूममध्येच पडायच्या. मी म्हणायची, हळद लाव. एकीला म्हटलं होतं, रबराचं पायपुसणं घे, मारुती रोडला छान मिळतात. आणि आता सगळ्या वाक्यांतलं नेमकं तेच वाक्य मी निवडलं होतं.

पुढचे आठ दिवस गल्ली माझ्याशी फार प्रेमानं वागली. कुणी आमटी आणून दिली, कुणी शिरा. हे खोलीत आले की बायका बोलायच्या थांबायच्या आणि भांडी घेऊन उठायच्या.

ह्यांचं मात्र वेगळंच झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लोक मान द्यायला लागले. किराणावाल्यानं वजन करताना काटा नीट थांबू दिला. तीन महिने 'उद्या येतो' म्हणणारा प्लंबर सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी आला आणि चप्पल बाहेर काढून आत शिरला. पहाटेच्या फिरण्यातल्या एकानं त्यांना बाजूला घेतलं.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, सर, आमची पण फार उलट बोलते. तुम्ही एकदाच केलं की टप्प्याटप्प्यानं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"आपलं ठरलंय ना. गप्प बसलो."

मला हसू आलं. टाका ओढला, म्हणून थांबवलं. हे हसले नाहीत.

मग मंडळाचे अध्यक्ष आण्णासाहेब चौगुले आले. शेडबाळ्यांचं स्थळ त्यांनीच आणलेलं. ते माझ्याशी बोलले नाहीत. ह्यांना ओट्यावर घेऊन बसले आणि मी दाराआड उभी राहिले.

"सर, मी लहान भाऊ समजून सांगतो. राग सगळ्यांनाच येतो. पण पोरीचं जमतंय. एवढं लग्न होऊ द्या. मग तुमच्या घरात तुम्ही आहातच."

हे गप्प. ओट्याच्या फरशीवर एक मुंगळा चालला होता, तो आण्णासाहेबांच्या पायाखाली येऊ नये म्हणून ह्यांनी हात आडवा धरला होता. आण्णासाहेब जाताना म्हणाले, "बघा, पश्चात्ताप होतोय तुम्हाला. हात थरथरतोय."

त्या रात्री ह्यांनी एकदाच विचारलं, "पद्मल, आता सांगूया का?"

"चौदा तारीख होऊ दे."

रकाना ११ (पुन्हा, आधी भरला तो चुकला)

बारा तारखेला टाके काढायला गेलो. तपासणीचा शेवटचा कागदही आला होता. डॉक्टर म्हणाले, "कडा स्वच्छ. सगळा निघाला. आता दर सहा महिन्यांनी दाखवायचं आणि छत्री घ्यायची."

मी तो कागद चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि स्वयंपाकघराला लागले. चौदा तारखेसाठी पोहे, बेसनाचे लाडू. डोळा आता हिरवा-पिवळा होता. गालावर बोटभर पट्टी.

चौदा तारखेला सकाळी त्रिशला आली. बॅग खाली न ठेवताच तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"आई. खरं सांग. कशी पडलीस?"

"साबण होता."

"कुठला साबण?"

"असला कसला प्रश्न? साबण तो साबण."

तिनं मान वळवून ह्यांच्याकडं बघितलं. हे कोथिंबीर निवडत होते. मान वर केली नाही.

"बाबा?"

गप्प.

तिनं बॅग उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. साडी नेसून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, काजळ गेलं असेल डोळ्यात.

रकाना १२ : अपेक्षा

शेडबाळ्यांकडून तिघं आले. अभिनंदन, त्याची आई श्रीमतीबाई, आणि घरचे कर्ते काका जिनगोंडा. बरोबर आण्णासाहेब. काका मोठ्यानं हसणारे, मोठ्यानं बोलणारे, सोफ्यावर दोघांची जागा घेणारे. श्रीमतीबाई आल्यापासून माझ्या पट्टीकडं बघत होत्या. पोह्याची बशी हातात घेतली, पण चमचा लावला नाही.

"सर," काका म्हणाले, "आता घरचेच झालो, म्हणून स्पष्ट विचारतो. राग मानू नका. आमच्या वहिनींना एक शंका आहे."

मला वाटलं, बेळगावात कुणीतरी बघितलं.

"वहिनी म्हणतात, ही पट्टी मार लागल्याची वाटत नाही. आजाराची वाटते. त्यांच्या माहेरी एकीला असंच गालावर झालं होतं, ते भलतंच निघालं. मी म्हणलं, अहो, तसं काही नाही, गावात ऐकलंय मी, नवरा-बायकोतलं आहे. पण त्यांचं समाधान होईना. सर, तुम्ही व्रताचे माणूस, खोटं बोलत नाही असं आण्णासाहेब सांगतात. तुमच्या तोंडून ऐकलं की विषय संपला. हात उठला होता का तुमचा?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्रिशलाकडं. मग गप्प बसले, आमचं ठरलं होतं तसे. काका वाट बघत होते. श्रीमतीबाईंनी बशी टीपॉयवर ठेवायला पुढं केली.

"हो," हे म्हणाले.

"काय?"

"हो. माझा हात उठला."

खोलीतल्या माणसांनी एकदम श्वास सोडला. श्रीमतीबाईंनी बशी परत मांडीवर घेतली. "तेवढंच ना! मी आपली उगाच काळजी करत बसले." आणि त्यांनी पोह्याचा पहिला घास घेतला.

काका ह्यांच्या गुडघ्यावर थाप मारून हसले. "होतंय ओ सर! माणूस आहे. मी पण तरुणपणी काय कमी केलं नाही. फक्त एक, वडिलकीच्या नात्यानं सांगतो. तोंडावर नको. चारचौघांत दिसतं."

आण्णासाहेबांनी मान हलवली. "अगदी बरोबर."

अभिनंदन त्रिशलाकडं वळून हळूच, समजुतीनं म्हणाला, "जुन्या लोकांचं असंच असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"वहिनी," काका मला म्हणाले, "पोहे फक्कड झालेत. जरा लिंबू मिळेल?"

मी उठले. स्वयंपाकघरात गेले. लिंबू घेतलं, धुतलं, चार फोडी केल्या, बिया काढल्या, बशीत मांडल्या. घेऊन आले. काकांना दिलं. श्रीमतीबाईंना दिलं. अभिनंदनला विचारलं, तुला? तो नको म्हणाला. मी खुर्चीवर बसले. हा सगळा वेळ मी गप्प होते. लग्न ठरत होतं.

मग माझं लक्ष गेलं. त्रिशला आधी ह्यांच्या शेजारी स्टुलावर बसली होती. मी लिंबू आणायला गेले तेवढ्यात तिनं स्टूल हातभर लांब घेतलं होतं. ह्यांना ते दिसलं होतं. त्या हातभर फरशीकडं ते बघत होते. पाल सोडायला सुपली हातात घेतली की असतो, तसा चेहरा.

मी ब्लाउजमधून कागद काढला. घड्या उलगडल्या.

"कॅन्सर होता," मी म्हणाले. "कातडीचा. बेळगावला जाऊन काढला. हा रिपोर्ट. ह्यांनी आयुष्यात माझ्यावर बोट उचललेलं नाही."

श्रीमतीबाईंचा घास गालात राहिला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि रुमालानं एकेक बोट पुसलं.

"पसरत नाही तो," मी म्हणाले. "मुलांनाही होत नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हानं होतो."

"ऊन तुमच्या मुलीलाही लागणारच की," श्रीमतीबाई म्हणाल्या.

काकांनी कागद हातात घेतलाच नाही. ते ह्यांच्याकडं बघत होते आणि खरोखर दुखावले होते.

"म्हणजे सर, तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"माझ्या तोंडावर?"

"हो."

"एवढा सज्जन माणूस आणि खोटं बोलतो! अरे, मग आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?" ते आण्णासाहेबांकडं वळले. "तुम्ही असल्या घरात आणलं होय आम्हाला?"

अभिनंदन उठून उभा राहिला होता. 'कळवतो' म्हणाले आणि गेले. आण्णासाहेब फाटकाशी घुटमळले. "वहिनी, काय गरज होती? सगळं छान मार्गी लागलं होतं."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. पत्रिका जुळत नाही.

रकाना ६ : आई-वडिलांशी संबंध

फाटकाचा आवाज थांबला. त्रिशलानं स्टूल जागेवर आणलं. मग ते सोडून खाली फरशीवरच बसली, ह्यांच्या पायाशी.

"बाबा, तुम्ही हो का म्हणालात?"

"त्या बाई बशी खाली ठेवायला लागल्या ना. म्हटलं, माझ्या एका 'हो'नं तुझं होत असेल तर होऊ दे. माझं नाव काय, तसंही गेलं होतं."

"आणि मी? मी सकाळपासून तुम्हाला..."

"बरोबर वागलीस," हे म्हणाले. "खरंच मारलं असतं तर असंच वागायला हवं होतंस."

मी बशा गोळा करत होते. तिनं मान माझ्याकडं वळवली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

"आई, मी स्टूल सरकवलं नसतं, तर तू किती वेळ गप्प बसली असतीस?"

बशीत लिंबाच्या फोडी उरल्या होत्या. त्या मी आत नेऊन टाकल्या. माझं उत्तर अजून बाकी आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. तिनं पुढं स्वतःच लग्न ठरवलं, रत्नागिरीच्या एका मुलाशी, पत्रक न भरता. मला आठ दिवस आधी कळवलं.

जोडपत्र (जागा कमी पडल्यास)

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की संपलं. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. रिपोर्ट दाखवला. बायका मान हलवायच्या, कागद डोळ्यांना न लावता परत द्यायच्या आणि माझ्या हातावर हात ठेवायच्या. महिन्याभरानं कोगनोळे वहिनींकडून कळलं की गावात काय चाललंय. 'बिचारी, नवऱ्याला वाचवायला स्वतःला कॅन्सर झाला म्हणून सांगते. कुठली बाई करेल एवढं?' मला लोक थोर समजायला लागले होते. मी मंडळ बंद केलं.

ह्यांना गेल्या वर्षी देवाज्ञा झाली. झोपेत गेले. त्या चौदा तारखेला अकरा वर्षं झाली होती.

शोकसभा समाजाच्या बोर्डिंगच्या हॉलमध्ये होती. दीडदोनशे माणसं. पुढं मी आणि त्रिशला. ह्यांचे विद्यार्थी बोलले. शेवटी आण्णासाहेब उठले. आता काठी टेकत चालतात, पण आवाज तोच.

"सरांचा स्वभाव मध्यंतरी थोडा तापट झाला होता, आपण सगळे जाणतो. गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत. पण त्या एका प्रसंगानंतर त्यांनी स्वतःमध्ये जो बदल घडवला, अक्षरशः मुंगीलाही न दुखवण्यापर्यंत, तो आजच्या तरुणांनी डोळ्यांसमोर ठेवावा."

टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी माना हलवल्या.

मी उभी राहिले. त्रिशलानं माझा पदर धरला नाही. तिनं माझ्या हातात माइक आणून दिला.

"ते कधीच तापट नव्हते," मी म्हणाले. "मला कॅन्सर होता. मी खोटं सांगितलं, आणि माझ्या खोट्यापायी..."

मागून कोगनोळे वहिनी आल्या. त्यांनी हळुवारपणे माझ्या हातातला माइक घेतला, खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"बसा वहिनी. आता ते गेले. आता तरी नका त्यांना पाठीशी घालू. आम्ही बायका आहोत, कळतं आम्हाला."

"आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळूया," आण्णासाहेब म्हणाले.

सगळा हॉल उभा राहिला. दीडदोनशे माना खाली गेल्या. मी खुर्चीतच बसून, माइक नव्हता तरी, निपाणीच्या बसपासून सांगायला सुरुवात केली आणि दोन मिनिटं संपली तरी थांबले नाही.